खोकी वेळेवर आली नाहीत? भरपाईचा दावा असा उभा करा

हापूसचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचा वायदा करून खोकीवाल्याने हात वर केले, की 'आधी नोटीस ठोका' म्हणणारे चार जण लगेच जमतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. नोटिशीला वेळ आहे, कागद मात्र त्याच आठवड्यात तयार व्हायला हवेत.

१. ऑर्डर, ठरलेला भाव, तारीख, ॲडव्हान्सची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एका फायलीत लावा. मोबाइल फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा मसुदा वकील करून देतील.

२. बहुतेक दावे गळपटतात ते गेटवर. मला स्वतःला सगळ्यात जास्त झगडावं लागलं तेही इथेच. पुरवठादार दहा-बारा दिवस उशिरा अर्धा माल पाठवतो, ड्रायव्हर घाईत असतो, गोडाऊनचा पोरगा चलनावर 'माल मिळाला' असा शिक्का मारून मोकळा होतो. इथेच घात होतो. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असताना उशिराचा माल स्वीकारलात आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. म्हणून चलनाच्या दोन्ही प्रतींवर हाताने लिहा: 'ठरलेल्या तारखेनंतर मिळाला, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला.' खाली तारीख, वेळ आणि ड्रायव्हरची सही. तो सही देत नसेल तर त्याच मजकुराचा ईमेल ट्रक उभा असतानाच पाठवा. 'संबंध बिघडतील' म्हणून हे टाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. संबंध बिघडायचे ते ट्रक उशिरा आला तेव्हाच बिघडलेत.

जो माल आलाच नाही, तो दुसरीकडून घ्या आणि तोही लगेच. नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलंत, हे त्याच कायद्याच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. हातावर हात धरून बसाल तर भरपाई कापली जाईल. दोन-तीन विक्रेत्यांचे त्याच दिवसांतले लेखी भाव घ्या. माप तेच आणि प्लाय, म्हणजे पुठ्ठ्याचे थर, तेही तेवढेच हवेत. पाच प्लायची ऑर्डर असताना सात प्लाय घेतलेत, तर वरचा फरक मिळेल ही आशा सोडा. समजा, ३० रुपयांनी ठरलेली ३०,००० खोकी ४२ ला घ्यावी लागली, तर फरक ३,६०,००० रुपये. तुमचा दावा हा, आणि वर जादा वाहतुकीची बिलं.

३. आकडा फुगवू नका. निर्यातीची ऑर्डर बुडाली म्हणून तिचा नफा मागायचा असेल, तर ती ऑर्डर या खोक्यांवर अवलंबून आहे हे करार करतानाच पुरवठादाराला माहीत असायला हवं. नंतर फोनवर ओरडून सांगितलेलं चालत नाही. करारात रोजचा दंड लिहिलेला असला तरी कलम ७४ प्रमाणे ती फक्त कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई.

४. आता नोटीस. एक पान पुरे, स्पीड पोस्टाने.

५. करारात लवादाचं कलम आहे का ते बघा, असेल तर आधी तो रस्ता. नसेल आणि व्यापारी दावा ३ लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर तातडीचा अंतरिम आदेश नको असल्यास दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तसं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. दाव्याची मुदत करारभंगापासून ३ वर्षं.

६. भांडण चालू आहे म्हणून आलेल्या मालाचं बिल मुकाट्याने अडवू नका. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर मालाबद्दलची तक्रार १५ दिवसांत लेखी द्या. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज चढतं, आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) तोच तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो.