दिल्लीच्या युद्ध स्मारकाला जाताना एक नाव सोबत न्या

मी तोफखान्यातून निवृत्त झालो, राहायला देवळाली कॅम्पात. दिल्लीला निघालेली आपल्याकडची मंडळी राष्ट्रीय युद्ध स्मारकाबद्दल विचारायला आली की मी आधी एकच विचारतो, कुणाचं नाव बघायला जाताय? नुसतं फिरायला गेलेली माणसं फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर पडतात. तिथे भिंतींवर २५ हजारांहून जास्त नावं आहेत. त्यातलं एक तरी आपल्या गावचं, निदान तालुक्यातलं, शोधूनच निघा.

त्यासाठी गावातल्या वीरपत्नी, वीरमाता असतील त्यांना आधी भेटा. हुद्दा, पूर्ण नाव, पलटण आणि वर्ष वहीत लिहून घ्या. घरी सांगणारं कुणी उरलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पवार, शिंदे ढिगाने सापडतील. पलटण ठाऊक असेल तरच आपला माणूस ओळखता येतो.

एक लक्षात ठेवा. इथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची आहेत. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले असतील तर ती नावं शेजारच्या इंडिया गेटवर कोरलेली आहेत, तीसुद्धा सगळ्यांची नाहीत. दुसऱ्या महायुद्धातलं नाव या दोन्ही ठिकाणी शोधू नका. आणि इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर असते, ती २१ जानेवारी २०२२ ला स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली.

नाशिकरोडवरून पंजाब मेल, मंगला किंवा राजधानी पकडा. स्मारकाला तिकीट नाही. दुपारी उन्हात दगड तापतो, म्हणून चारच्या सुमारास पोहोचा. सूर्यास्ताच्या वेळी एका शहीद जवानाचे नातेवाईक पुष्पचक्र वाहतात, ते चुकवू नका.

रचना चक्रव्यूहासारखी, एकात एक चार चक्रं. बाहेरून आत या. रक्षक चक्रात झाडांच्या रांगा. मग त्याग चक्र, नावांच्या भिंती. वही इथे काढा, घाई करू नका. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर सोनेरी अक्षरात एकेक माणूस आहे. सापडलं की मुलांना ते मोठ्याने वाचायला लावा, आणि गावाकडे त्या घरी तिथूनच फोन लावा. वीरता चक्रात लोंगेवाला, रेझांग ला अशा सहा लढायांची कांस्यशिल्पं आहेत. मध्यभागी अमर चक्र, स्तंभ आणि ज्योत.

परम योद्धा स्थळ थोडं बाजूला पडतं आणि बरेच जण ते सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिथे २१ परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर पलटणीचे, त्यांच्यापाशी मुलांना थांबवा. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागातल्या राजौरीच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते. राणे रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत पुढे गेले आणि रणगाडे पार नेले. हे पुतळ्यासमोर उभं राहून सांगा, पोरं पुढचे प्रश्न आपणहून विचारतात. यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा, तोही अंधार पडायच्या आत.