सगळे वाजवतात, पण गाणं होत नाही? छोट्या जॅझ ग्रुपने या चुका टाळा

तालीम संपते, सगळे घामाघूम झालेले असतात, मजाही आलेली असते. मग चहा घेता घेता मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावावं, तर पाच माणसं एकाच वेळी पाच वेगळ्या गोष्टी सांगताहेत असं ऐकू येतं. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत पहिलं वर्षभर हेच चाललं होतं. क्लॅरिनेट, गिटार, कीबोर्ड, बेस आणि तबला असे आम्ही पाच जण. तबलावाला शास्त्रीय शिकलेला, बेसवाला चर्चमध्ये वाजवत मोठा झालेला, आणि क्लॅरिनेटवाल्या काकांची उमर लग्नाच्या बँडमध्ये गेलेली. असा वेगवेगळ्या घरचा मेळ जमवून सगळ्यांनी एकदम मनाने वाजवायचं असेल, तर ज्या गोष्टींनी आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला त्या लिहितो.

सगळ्यांनी सगळं वाजवणं

सामूहिक मनोधर्म, म्हणजे सगळ्यांनी मिळून आयत्या वेळी रचत वाजवणं, याचा अर्थ ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवावं, असा समज असतो. पण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या जॅझ पद्धतीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. किंग ऑलिव्हरच्या बँडची 1923 सालची रेकॉर्डिंग ऐका. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) मूळ चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्या वरच्या पट्टीत वेलबुट्टी काढतं आणि ट्रॉम्बोन खालून सूर ओढत दोन ओळींमधला सांधा भरतो. तिघंही त्या क्षणी सुचेल तेच वाजवतात, पण कुणी कुणाच्या अंगणात जात नाही. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने डिसेंबर 1960 मध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकत्र घेऊन 'फ्री जॅझ' रेकॉर्ड केलं. त्यातसुद्धा प्रत्येकाची पुढे येण्याची पाळी ठरलेली आहे आणि मधले तुकडे आधी बांधलेले आहेत.

आमच्याकडे गिटार आणि कीबोर्ड दोघंही मधल्या सप्तकात गच्च कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) धरायचे, त्यात कीबोर्डचा डावा हात बेसच्या जागेत. एकदा काकांनी वाजवणं थांबवलं आणि मला म्हणाले, "बे, तू वाजवून राहिला, ऐकून नाही राहिला." तेव्हापासून आम्ही एक कवायत करतो. एका वेळी तिघांनीच वाजवायचं. बाहेरच्या दोघांपैकी कुणाला आत यायचं असेल, तर आतला कुणी थांबेपर्यंत वाट पाहायची. वीस मिनिटं हे केलं की कान उघडतात. कीबोर्डवाल्याला आठवडाभर डावा हात मांडीवर ठेवायला सांगा, अर्धा गोंगाट तिथेच जाईल.

डग्गा (तबल्याचा डाव्या हाताचा भाग) आणि बेस यांचीही अशीच झटापट होते. जॅझ आणि भारतीय संगीत एकत्र वाजवणाऱ्या 1970च्या दशकातल्या 'शक्ती' ग्रुपमध्ये ना ड्रमसेट होता ना बेस, त्यामुळे झाकिर हुसेन यांच्या तबल्याची घुमक मोकळी ऐकू येते. तुमच्याकडे बेस असेलच, तर डग्ग्याची मींड चालू असताना बेसवाल्याने लांब सूर धरून ठेवू नये. त्याने छोटे, तोडून वाजवलेले सूर द्यावेत.

सम एकीकडे, 'वन' दुसरीकडे

तबलावाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरून आवर्तनं मोजतो, बाकीचे 'वन'पासून चार-चार मात्रांचे बार मोजतात, आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) भलत्याच ठिकाणी येऊन पडते. यावर कागद-पेन्सिल घेऊन एकदा हिशेब करा. बारा बारांचा ब्लूज म्हणजे 48 मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. त्यातली गंमत पुढेच आहे. ब्लूजमध्ये पहिल्या बारावर सा चा कॉर्ड, पाचव्यावर म चा आणि नवव्यावर प चा येतो, आणि तीनतालाची सम नेमकी याच तीन ठिकाणी पडते. म्हणजे पहिली सम सा वर, दुसरी म वर, तिसरी प वर. आमच्या तबलावाल्याला हे उमगलं त्या संध्याकाळी त्याने तिहाई थेट पाचव्या बारावर आणून सोडली, त्याच क्षणी कॉर्ड बदलला आणि खोलीत सगळे ओरडले. त्याआधी सहा महिने तो नुसता अंदाजाने वाजवत होता.

सात मात्रांचा रूपक ताल घेतलात तर सात आणि चार यांची गाठ 28 मात्रांनी पडते, म्हणजे रूपकाची चार आवर्तनं आणि चारचे सात बार. तोवर कुणी घाबरून 'दुरुस्ती' करायला जाऊ नये. गाठ आपोआप येते.

रागाचं नाव घेऊन वर्ज्य सूर लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. मालकंस हवाहवासा राग, पाच सूर, अंधारा रंग, जॅझवाल्यांना लगेच आवडतो. पण बेसवाल्याच्या बोटांना सा-प, सा-प ही सवय जन्माची, आणि मालकंसात पंचम (प) वर्ज्य आहे, म्हणजे लावायचाच नसतो. तो वाजला की राग उडून जातो. कीबोर्डवरही तेच, कारण सा चा साधा मायनर कॉर्ड धरला की त्यात प आलाच. बेसने सा-म धरावं, तानपुराही म चाच लावावा. कॉर्ड हवेच असतील तर म-ध-सा आणि ध-सा-ग हे दोन रागाच्या सुरांतूनच बनतात, ध आणि ग अर्थात कोमल. पंचम लावायचाच असेल तर खुशाल लावा, पण मग त्याला मालकंस म्हणू नका. समोर बसलेल्या श्रोत्यांमध्ये रागाची जाण असलेले लोक असतात, त्यांचा मान राखायला हवा.

सूर जुळत नाही, दोष कुणाचाच नसतो

"काळी एक" (पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प) म्हटल्यावर क्लॅरिनेटवाल्याने आपल्या वाद्यावरचा सी शार्प लावला, तर ऐकू येतो बी. बी-फ्लॅट क्लॅरिनेट एक पूर्ण स्वर खाली बोलतं. काळी एकसाठी त्याला डी शार्प वाजवावा लागतो आणि बोटं अडखळतात. काळी दोन (ई-फ्लॅट) घेतली तर त्याच्यासाठी ते एफ होतं, एकदम सोपं. गिटारवाल्याने पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डी चे आकार धरावेत.

मग आपल्या नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि खोलीत कूलर. गरम हवेत क्लॅरिनेट चढतं, आणि कूलरच्या ओल्या हवेने तबल्याची पुडी सैल पडून तबला उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना जातात आणि अर्ध्या तासाने एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. कूलरचा झोत तबल्यावर येऊ देऊ नका, सूर लावण्याआधी पंधरा मिनिटं खोलीची हवा एकसारखी ठेवा, क्लॅरिनेटचं बॅरल (मुखाखालचा छोटा तुकडा) केसभर बाहेर ओढा आणि दर दोन गाण्यांनंतर पुन्हा जुळवा. लाकडी क्लॅरिनेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तडा जातो.

शैलींचे तुकडे चिकटवणं

आठ बार स्विंग, आठ बार दर्ग्याच्या मिरवणुकीतल्या संदलचा ठेका, मग एकदम खंजिरी भजन. टाळ्या मिळतात, पण गाणं कुठेच राहत नाही. एका गाण्यात एका ठिकाणाहून एकच गोष्ट घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरीची चाल घेतलीत, तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली चालू द्या आणि तिच्यावर ब्लूजची धून बसवा.

शेवट कुणालाच माहीत नसणं

अमेरिकन जॅझ संगीतकार बुच मॉरिस यांनी 1985 पासून हाताच्या खुणांनी अख्खा वाद्यमेळ जागच्या जागी घडवण्याची पद्धत वापरली. आपल्याला तीन खुणा पुरतात. डोक्याला हात लावला की मूळ चालीवर परत, तळवा खाली केला की आवाज कमी, मूठ वर केली की पुढच्या समेला संपवायचं. क्लॅरिनेटवाल्याचे मात्र दोन्ही हात गुंतलेले असतात. काकांनी वरातीतली जुनी खूण आणली, वाद्याचं तोंड वर उचललं की संपव. आता आम्ही गोलात बसतो, काका तबल्याच्या समोर, आणि तिसऱ्या आवर्तनात क्लॅरिनेट वर जाताना दिसलं की तबलावाला तिहाई सुरू करतो.