परफेक्ट जोडप्याची थ्रिलर लिहिताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या नवोदित कथालेखकांची हस्तलिखितं वाचायचं काम माझ्याकडे असतं. हल्ली त्यात एकाच साच्याच्या कथांची रीघ लागली आहे. घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही ऐरोलीच्या आयटी पार्कात, अख्ख्या सोसायटीला हेवा वाटावा असं जोडपं आणि तिसऱ्या पानावर बाथरूममध्ये प्रेत. विषय उत्तम आहे, वाचकही आहे. पण कथा पडते ती प्रेतापाशी नाही, त्याच्या आधीच्या दोन पानांत. लेखकाला खुनाची इतकी घाई असते की संसार मांडायचा राहूनच जातो. मग मोडलं ते नेमकं काय, हेच वाचकाला कळत नाही.

सुख तीन वाक्यांत उरकणं

‘लक्ष्मीनारायणाचा जोडा.’ ‘त्या घरातून कधी आवाज चढलेला कुणी ऐकला नाही.’ ‘सगळे त्यांचं उदाहरण देत.’ झालं, सुख संपलं. असं सांगून मोकळं होणं ही या प्रकारातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

आदर्श संसार आपोआप दिसत नाही, तो दाखवावा लागतो. त्याला प्रेक्षक लागतात आणि रोजची तालीमही लागते. सत्यनारायणाच्या पूजेला कुणाच्या साडीला मॅचिंग कुर्ता शिवायचा, लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो किती वाजता टाकायचा, गणपतीत उखाणा घेताना कुणी लाजायचं, हे सगळं कुणीतरी ठरवत असतं. ठरवतं कोण आणि दमतं कोण, एवढं तुम्हाला माहीत असेल तर अर्धी कथा हातात आली.

एक प्रसंग घ्या. रविवारी सकाळी उपवन तलावावर फेऱ्या मारून चार जोडपी नाश्त्याला बसली आहेत. गप्पा मारता मारता नवरा बायकोच्या बशीतल्या पोह्यांमधला कढीपत्ता एकेक पान वेचून आपल्या बशीत घेतो. मैत्रीण म्हणते, ‘बघा, नाहीतर आमचे हे!’ ती हसते. साठेक पानांनंतर ती नौपाड्यात माहेरी आली आहे. आईने ताकाला फोडणी दिली आहे. ग्लासाच्या तळाशी राहिलेली कढीपत्त्याची पानं ती बोटाने काढून चावून खाते. आई सहज म्हणते, ‘लहानपणापासून वेडी आहेस कढीपत्त्याची.’

बस्स. कुणी हात उगारलेला नाही, कुणी धमकी दिलेली नाही. पण वाचक मनातल्या मनात त्या रविवारी परत जातो आणि त्याला घाम फुटतो. पहिल्या वाचनात काळजी वाटावी आणि दुसऱ्या वाचनात कब्जा वाटावा, अशी खूण शोधायची. ठाण्यात अशा खुणांना तोटा नाही. ‘उशीर झाला तर कळावं म्हणून’ फोनवर कायम चालू असलेलं लोकेशन. दोघांचे पगार एकाच खात्यात आणि त्याचा पासवर्ड एकाकडेच. ‘तू दमलीस, तुझ्या आईशी मी बोलून घेतो.’ यातलं एकही वाक्य पोलीस ठाण्यात तक्रार म्हणून टिकणार नाही, म्हणून तर ते तुमच्या कामाचं.

याची उलटी चूक म्हणजे पहिल्याच पानावर थंड नजरेने बघणारा, मुठी आवळणारा नवरा. मग ते जोडपं कुणालाच परफेक्ट वाटत नाही, वाचकाला तर नाहीच.

रिकामी सोसायटी

काही कथांमध्ये चारशे फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये माणूसच राहत नाही. खून होतो, सूटकेस लिफ्टने खाली जाते, गाडी बाहेर पडते, सगळं निवांत. अहो, पार्सलवाला आला तरी गेटवरून अ‍ॅपवर विचारणा येते तिथे! वॉचमनची नोंदवही, लिफ्टमधला कॅमेरा, पार्किंगवरून वर्षभर भांडणारा शेजारी, सकाळी सहाला दूध, सातला कचरा, आठला मावशी आणि त्यानंतर कधीही इस्त्रीवाला. हे लोक कथेत अडचण वाटतात म्हणून लेखक त्यांना रजेवर पाठवतो. खरं तर तेच तुमचं यंत्र आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बहुतेक सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिनाभराने पुसलं जाऊन त्यावर नवीन चढतं. आता घड्याळ लागलं की नाही? बायकोला मैत्रिणींनी सहलीला गेलीय समजून तीन आठवडे फोन केला नाही, तर पुरावा स्वतःहून संपतोय.

मावशींना तर कुणी कमी लेखूच नये. कोणत्या खोलीत कोण झोपतं, हे नातेवाइकांना वर्षानुवर्षं कळत नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात कळतं. ‘ताई, दुसऱ्या बेडरूममधली चादरपण रोज बदलायची का?’ या एका प्रश्नाने जेवढं उघड होतं, तेवढं चार पानी डायरीने होत नाही. आणि हो, मावशींना केवळ घाबरून किंचाळण्यासाठी कथेत आणू नका. त्या तीन घरं करून चौथ्या घरी तीच गोष्ट सांगणार असतात.

‘पोलिसांनी अपघात म्हणून फाइल बंद केली’

हे वाक्य दिसलं की मी पेन्सिल उचलतो. लग्नाला चार वर्षं झालेली तरुणी बाल्कनीतून पडते आणि दोन ओळींत प्रकरण मिटतं? लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन होतं आणि चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदाराकडे जाते. हुंडाबळीचं कलमही सात वर्षांच्या आतल्या मृत्यूलाच लागतं. त्यामुळे लग्नाला किती वर्षं झाली, हा तुमच्या कथेतला निव्वळ तपशील नाही. लग्नाच्या सातव्या वाढदिवसाची जंगी तयारी करणारा नवरा! ही कल्पना फुकट देतोय, घ्या.

मग घरात दोघंच असताना एक मेला, तर दुसऱ्याला ‘मला काय माहीत’ म्हणून हात झटकता येत नाहीत. जी गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक असणार तिचा खुलासा त्यानेच करायचा, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये होतं आणि नव्या कायद्यातही आहे. सरकारी पक्षाला आधी आपली बाजू उभी करावी लागतेच, पण नवऱ्याचं मौन त्याच्यावर उलटू शकतं.

कलमांचे आकडेही तपासा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यानंतर घडलेला खून 302 मध्ये नाही, 103 मध्ये नोंदवला जातो. विवाहितेच्या छळाच्या 498-अ च्या जागी 85 आणि हुंडाबळीच्या 304-ब च्या जागी 80. जुना हवालदार बोलताना ‘तीनशे दोन’ म्हणेलही, ते शोभूनही दिसेल, पण एफआयआरमध्ये नको.

हद्दीचा गोंधळ तर विचारू नका. घोडबंदरहून गाडी निघाली आणि मुलुंडहून ऐरोली पुलावर चढली, तर ती ठाणे, मुंबई आणि नवी मुंबई अशा तीन पोलीस आयुक्तालयांतून जाते. उलट्या दिशेने काशिमिऱ्याकडे वळवलीत तर मीरा-भाईंदर, वसई-विरारचं चौथं, ते 2020 मध्ये झालं. बेपत्ता झाल्याची तक्रार एका हद्दीत, गाडी दुसऱ्या, मोबाइलचा शेवटचा टॉवर तिसऱ्या. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, पण कागद पुढे सरकेपर्यंतचा वेळ तुमचा आहे. एकच ‘इन्स्पेक्टर साहेब’ सगळीकडे फिरवलात की हा वेळ वाया गेला.

विमा आणि लफडं, बास?

हेतू म्हणून हे दोनच येतात. इथल्या संसाराच्या मधोमध काय आहे? घर. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. दीड कोटीच्या फ्लॅटवर दीड लाख वाचतात, म्हणून नवरा मोठ्या कौतुकाने घर तिच्या नावावर करतो, पेढे वाटतो, फोटो टाकतो. पाच वर्षांनी त्याला ते विकायचं आहे आणि सही तिची लागते.

आता हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 उघडा. मूल नाही, मृत्युपत्र नाही, घर तिच्या कमाईचं. तर ते आधी नवऱ्याकडे जातं. तो नसेल तर त्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. पण त्याच कायद्याचं कलम 25 सांगतं की खून करणारा किंवा खुनाला साथ देणारा त्या माणसाचा वारस होऊच शकत नाही. म्हणजे अपघात ‘सिद्ध’ होणं ही नवऱ्याची जीव वाचवण्याइतकीच घर वाचवण्याचीही गरज. आणि तिने गुपचूप मृत्युपत्र केलं असेल तर? त्याला दोन साक्षीदार लागतात. एक ऑफिसातली मैत्रीण, दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी. जे रोज सकाळी लिफ्टमध्ये नवऱ्याला ‘काय साहेब, मजेत?’ विचारतात.

नॉमिनी म्हणजे मालक, असं गृहीत धरून लिहिलेल्या कथा मी आता वाचायच्या सोडल्या आहेत. आणि बेपत्ता व्यक्तीला महिनाभरात मृत ठरवू नका. ज्यांना तिची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तरच कायदा तसं गृहीत धरतो.

किरकोळ, पण कथा मारणाऱ्या

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला की माणूस क्षणात कोसळत नाही, काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तो ओरडतो. ठाणे खाडी म्हणजे तळ नसलेली विहीर नव्हे. तिथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, कोळी बांधव असतात, आणि 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य असल्याने दुर्बिणी आणि लांब लेन्स घेतलेले हौशीही असतात. येऊरच्या जंगलात प्रेत पुरायला निघालेल्यांनी वनखात्याचा नाका आणि हवाई दलाचं ठाणं कथेत कुठे गेलं ते सांगावं. ठाण्याहून वाशीला लोकलने जाताना पात्राला दादरला उतरवू नका, थेट ट्रान्स-हार्बर लोकल आहे.

ट्विस्ट

जुळी बहीण, स्मृतिभ्रंश, ‘ती मुळात मनोरुग्ण होती’. तिन्ही नको. शेवटचं तर फारच नको. आजारी माणसाला गुन्हेगार करून लेखक स्वतःची सुटका करून घेतो.

‘मी’ म्हणून बोलणारी बायको सगळं जाणून असते आणि दोनशे पानं वाचकापासून लपवते, यातही फसवणूक वाटते. तिने लपवावं, पण लपवण्याचं कारण आणि ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस कथेत हवा. ती हे सगळं तपास अधिकाऱ्याला जबाब म्हणून सांगत असेल तर ती गाळणारच, आणि काय गाळलं ते चोखंदळ वाचकाला तिच्या अडखळण्यातून दिसेल.

कथा अडली असेल तर प्रेत काढून उरलेलं वाचा. नवरा-बायकोचे गीझर कुणी चालू ठेवला, पार्किंगचे पैसे कुणी भरले, ‘तुझ्या आईने फोन केला होता’ असे साधे संवादही वाचवत नसतील, तर दुरुस्ती तिथे करायची आहे. खुनाची पद्धत बदलून उपयोग नाही. आणि शेवटच्या प्रकरणात नवरा खिडकीशी उभा राहून आपण हे कसं केलं ते सविस्तर सांगतो, तो उतारा आधीच कापा. तसं बोलायची सवय असलेला माणूस इतकी वर्षं परफेक्ट नवरा म्हणून मिरवलाच नसता.