साठ रुग्ण, एकही गुंतागुंत नाही : भूलशास्त्रातलं संशोधन सुरू करताना

थीसिसच्या निष्कर्षात मी एक वाक्य मोठ्या समाधानानं लिहिलं होतं : ‘६० रुग्णांपैकी एकालाही गंभीर गुंतागुंत झाली नाही, म्हणून हे औषध सुरक्षित आहे.’ गाइड मॅडमनी त्यातल्या ‘म्हणून’भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि विचारलं, “साठांत शून्य. मग खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल?” मला सांगता आलं नाही.

हिशेब तोंडी करण्यासारखा आहे. एखादी घटना एकदाही घडली नसेल तर ३ ला रुग्णसंख्येनं भागायचं; ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण तेवढी येते. ६० रुग्णांसाठी ती ५ टक्के. म्हणजे दर वीस जणांत एकाला इजा करणारं औषध असतं, तरी माझे आकडे असेच आले असते, ही शक्यता मला नाकारता येत नव्हती. वाक्य खोडलं, आणि खरं सांगायचं तर माझा अभ्यास तिथून सुरू झाला.

भूल आज इतकी सुरक्षित झाली आहे की जिवावर बेतणारा प्रसंग क्वचितच येतो. रुग्णासाठी हे फार चांगलं, पण संशोधन करणाऱ्याच्या हाती मोजायला फारसं काही लागत नाही. १९५४ साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या १० रुग्णालयांतल्या जवळजवळ ६ लाख केसेस तपासल्या, तेव्हा भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण सुमारे १,५६० त एक असं निघालं. एवढ्या केसेस एका रेसिडेंटला, म्हणजे माझ्यासारख्या शिकाऊ डॉक्टरला, आयुष्यभरात मिळणार नाहीत.

मोठी संख्यासुद्धा कधीकधी पुरत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेली पल्स ऑक्सिमीटरची (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्राची) चाचणी प्रत्येक नवख्यानं वाचावी. २०,८०२ रुग्ण, एका गटाला ऑक्सिमीटर, दुसऱ्याला नाही. ऑक्सिमीटर लावलेल्या गटात ऑक्सिजन कमी झाल्याचं १९ पट जास्त वेळा लक्षात आलं, पण शस्त्रक्रियेनंतरच्या एकूण गुंतागुंतींत ठोस फरक दिसला नाही. म्हणून कोणी ऑक्सिमीटर काढून ठेवला का? नाही, आणि ते योग्यच झालं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, कमी होताना यंत्राचा आवाज उतरायला लागला की हात कसे आपोआप हलतात, हे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग छोट्या जागी बसून सुरक्षिततेचा अभ्यास करायचा कसा? मला पटलेली वाट जेफ्री कूपर यांची. हे डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. १९७८ च्या त्यांच्या अभ्यासात मृत्यू मोजले नाहीत. भूल देणाऱ्यांना समोर बसवून ‘काय चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं’ हे विचारलं. टाळता येण्यासारखे ३५९ प्रसंग जमा झाले. त्यांतल्या ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती, आणि सगळ्यांत जास्त वेळा घडलेली गोष्ट म्हणजे श्वासाचं सर्किट (मशिनपासून रुग्णापर्यंतची नळी) निसटणं. चुकीची सिरिंज हातात आली आणि टोचण्याआधी लक्षात आलं, हेही तिथे मोजलं जातं. मात्र बोलणाऱ्याला शिक्षेची भीती वाटली, तर तुमची वही कोरी राहणार. नाव न लिहिण्याची हमी आधी द्या, आणि ती पाळा.

आता थोडं कामाचं. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी, नंतर नव्हे. संमती आदल्या दिवशी, वॉर्डात, नातेवाईक जवळ असताना घ्या. ओटीच्या टेबलावर झोपलेला माणूस कशालाही हो म्हणतो; त्या ‘हो’ला मी संमती मानत नाही. सिरिंज भरणारा वेगळा आणि नोंदी करणारा वेगळा ठेवा, म्हणजे कोणाला कोणतं औषध मिळालं हे नोंदी करणाऱ्याला कळत नाही. माझ्या पहिल्या काही केसेसमध्ये दोन्ही कामं मीच केली, त्यामुळे त्या केसेस बाद कराव्या लागल्या.

भूल चालू असताना बीपी वगैरे नोंदवायच्या चार्टबद्दल जरा जास्त बोलते. केस संपल्यावर आठवणीनं भरलेल्या चार्टवर बीपी सरळ रेषेत चालतं. मध्येच आलेला ७० चा आकडा हातानं लिहिताना नकळत ८० होतो. हाताचे चार्ट आणि मशिनची आपोआप झालेली नोंद शेजारी ठेवली तर टोकाचे आकडे हातानं भरलेल्या चार्टमध्येच गळालेले दिसतात. आपल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक त्याच आकड्यांत असतं. शक्य असेल तिथे मॉनिटरमधूनच डेटा घ्या. नसेल तर दर पाच मिनिटांनी जे दिसलं ते तेव्हाच लिहा, आणि लिहिणारा माणूस केस चालवणारा नसू द्या.

शेवटी स्पायनल (पाठीच्या कण्यात सुई टोचून दिलेली भूल) फसलेले रुग्ण. माझ्या अभ्यासात तीन होते, आणि त्यांना तक्त्यातून काढून टाकण्याचा मोह मला झाला होता. मॅडमनी ते तिघे परत आणायला लावले, सुरुवातीला चिठ्ठी टाकून ते ज्या गटात आले होते त्याच गटात.