सपाट मैदान, उतार ८९ अंश

नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका लहानशा पाणलोट क्षेत्राचा उताराचा नकाशा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीची फाइल (प्रत्येक पिक्सेलमध्ये त्या जागेची उंची) उघडली, रास्टर मेनूतून स्लोप निवडलं आणि रन दाबलं. काही सेकंदांत नकाशा हजर, पण सगळा एकाच रंगाचा. एका पिक्सेलवर क्लिक केलं तर ८९.९. शेजारच्यावर ८९.९. नदीकाठच्या सपाट मैदानातही ८९.९. सॉफ्टवेअरने एका शब्दानेही तक्रार केली नव्हती, त्यामुळे दोष रंगांचाच असणार असं धरून मी तासभर रंगसंगती बदलत बसलो. आज हे सांगताना हसू येतं, त्या दिवशी घाम फुटला होता.

झालं होतं असं: फाइल अक्षांश-रेखांशांत होती. उंची मीटरमध्ये, पण एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंतचं आडवं अंतर अंशांत, ०.०००२७८. उतार काढताना उंचीतल्या फरकाला आडव्या अंतराने भागतात. शेजारची जागा १ मीटरने उंच असेल, तर १ भागिले ०.०००२७८ म्हणजे जवळपास ३६०० आणि त्याचा कोन ८९.९८ अंश. खरं अंतर सुमारे ३० मीटर, म्हणजे खरा उतार २ अंशांपेक्षाही कमी. गणित शाळेतलंच आहे. मी ते करून पाहिलं नव्हतं, एवढंच.

उपाय म्हणजे फाइल आधी मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत, नेणं. बहुतेक कामांना यूटीएम हे प्रोजेक्शन पुरतं. जगाचे ६ अंशी ६० झोन पाडलेत, आपलं क्षेत्र ज्यात येतं तो घ्यायचा. ‘स्लोपच्या खिडकीतल्या स्केलच्या चौकटीत ११११२० टाक, काम होतं’ असा सल्लाही मिळेल. तो आकडा म्हणजे एका अंशाचे मीटर. विषुववृत्ताजवळ तो चालतो, पण जसजसं ध्रुवाकडे जावं तसतसं रेखांशांमधलं अंतर आक्रसतं. ६० अक्षांशावर ते निम्मंच उरतं. मी हा शॉर्टकट वापरत नाही.

प्रोजेक्शन बदलताना दुसरा खड्डा असतो आणि त्यातही मी पडलोय. प्रोजेक्शन बदलणाऱ्या ‘वार्प’ या साधनाच्या खिडकीत रिसॅम्पलिंगची, म्हणजे नव्या पिक्सेलना किमती देण्याची, पद्धत आपण सांगितली नाही, तर ‘निअरेस्ट नेबर’ लागू होते. ती नवी किंमत काढत नाही, जवळच्या पिक्सेलची उचलून ठेवते. मग ठरावीक अंतराने एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते. उंचीच्या नकाशात हे दिसत नाही. हिलशेड, म्हणजे ऊन-सावली दाखवणारा नकाशा, काढलं की मात्र डोंगरावर कुणी कंगवा फिरवल्यासारख्या रेघा उमटतात. उंचीसाठी बायलिनियर किंवा क्युबिक घ्या, त्या आसपासच्या पिक्सेलवरून नवी किंमत काढतात. निअरेस्ट नेबर जमीनवापरासारख्या वर्गांच्या नकाशांसाठी, कारण शेत आणि जंगल यांची सरासरी निघत नाही.

आता हे आकडे येतात कुठून ते बघू, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिथून निघतात. सुरुवातीला तुमच्या हातात बहुधा एसआरटीएम या रडार मोहिमेचा उंचीचा डेटा येईल. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत तो गोळा केला. एक रडार यानात, दुसरा अँटेना ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला आणि दोघांच्या संकेतांतल्या फरकावरून उंची. ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांशांमधली जमीन त्यात आली. एका अंशाची एक टाइल, म्हणजे डेटाचा एक चौकोनी तुकडा, तिच्या नावात नैऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश, आत ३६०१ बाय ३६०१ आकडे, म्हणजे एक कोटी तीस लाखांच्या आसपास. उभ्या कड्यांच्या सावलीत रडारला काही दिसलं नाही, तिथे मूळ फाइलमध्ये -३२७६८ लिहिलंय. ही ‘इथे माहिती नाही’ अशी खूण. टाइल्स जोडताना ही खूण नोंदवायची राहिली की तो आकडा खरी उंची ठरतो. माझ्याकडे एकदा अशी जोडलेली फाइल आली होती. सगळा नकाशा पांढराफटक आणि मध्ये दोन-चार काळे ठिपके. आता नवी फाइल उघडली की मी आधी किमान आणि कमाल किंमत पाहतो. कमाल उंची त्या भागातल्या सर्वांत उंच शिखराच्या आसपास आहे का, एवढा प्रश्नही पुष्कळ वाचवतो.

रडारने वरून जे पाहिलं ते जमीनच होती असं नाही. दाट जंगलात त्याचे संकेत पानोऱ्यातूनच परततात, गावात छपरांवरून. एका जवळपास सपाट पट्ट्यात मला पंधराएक मीटरचा कडा सापडला. अगदी सरळ रेषेत, काटकोनात वळलेला. मी तो नकाशावर ‘कडा’ म्हणून नोंदवला आणि अहवालात त्यावर परिच्छेदही लिहिला. वरिष्ठांनी काही न बोलता उपग्रहचित्र त्याच्याखाली ठेवलं. ती लावलेल्या जंगलाची हद्द होती. झाडांची उंची मी डोंगराच्या नावावर खपवली होती. निसर्गात काटकोन फार कमी, ही शंका मला तेव्हा यायला हवी होती. नंतरचा कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचा ३० मीटरच्या पिक्सेलचा डेटा दिसायला बराच स्वच्छ आहे आणि नवं काम मी त्यावरच सुरू करतो, पण तोही पृष्ठभागाचाच, झाडाछपरांसकट.

नवख्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न म्हणजे उंची कुठून मोजली. आमच्या एका सहकाऱ्याने जीपीएसने वीसेक ठिकाणच्या उंच्या आणल्या. डीईएमशी, म्हणजे उंचीच्या फाइलशी, ताडल्या तर प्रत्येक ठिकाणी साठेक मीटरचा फरक. यंत्र बिघडलंय असं सगळ्यांचं मत पडलं. पण बिघडलेलं यंत्र इतकं शिस्तीत चुकत नाही. जीपीएस मुळात लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची काढतो; एसआरटीएमच्या उंच्या ईजीएम९६ या जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून आहेत. या दोन शून्यांमधलं अंतर जागेनुसार बदलतं: हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड लंबगोलाच्या शंभर मीटरहून खाली आहे, तर न्यू गिनीजवळ ऐंशीएक मीटर वर. तेव्हापासून मी फरकांचा तक्ता करतो. फरक सगळीकडे सारखा असेल तर शून्य वेगळं, विखुरलेला असेल तर मोजण्यात चूक.

हिलशेडबद्दल थोडक्यात. प्रकाश वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, आणि ४५ अंश उंचीवरून, ही ठेवणच राहू द्या. प्रकाश दक्षिणेकडून दिला की डोळा फसतो, दऱ्या डोंगर वाटू लागतात.

ओढे आणि पाणलोट हा माझा आवडता भाग, आणि इथेच यंत्रावर विसंबलात तर पदरी फजिती. पाण्याच्या वाटा काढण्याआधी डेटातले खळगे भरावे लागतात, नाहीतर वाहणारं पाणी पहिल्याच खोट्या खड्ड्यात अडकून बसतं. मग प्रत्येक पिक्सेलचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत उताराच्या शेजाऱ्याकडे जातं. पण समजा, एक उंच भराव आडवा आहे, त्याच्या पोटात पाणी जायला मोरी आहे. डेटाला वरून मोरी दिसत नाही. त्याच्या लेखी तो बांध. खळगे भरणारं साधन मग बांधामागे अख्खं तळं भरून टाकतं आणि त्या सपाटीवर ओढे पट्टीने आखल्यासारखे समांतर धावतात. असे समांतर ओढे दिसले की पुढे जाऊ नका. मोरीच्या जागी दोन-तीन पिक्सेल खाली उतरवा आणि पुन्हा चालवा. गंमत म्हणजे डेटा बारीक झाला की हा त्रास वाढतो. १ मीटरच्या लायडार (लेसरने मोजलेल्या) डेटात प्रत्येक रस्त्याचा भराव ठळक उभा असतो.

सरावासाठी भलंमोठं क्षेत्र घेऊ नका. तुम्ही पायी चढलेली एखादी टेकडी घ्या. ३० मीटरच्या फाइलवर उतार काढा, मग तीच फाइल सरासरी घेऊन ९० मीटरची करा आणि पुन्हा काढा. कमाल उतार चांगलाच उतरलेला दिसेल. टेकडी तीच, पण मोठ्या चौकोनाच्या सरासरीत कडे घासून गुळगुळीत होतात. चढताना जिथे हात टेकावे लागले होते ती जागा दोन्ही नकाशांत शोधा आणि तिथला आकडा वाचा. माझ्या टेकडीवर ९० मीटरच्या नकाशात ती जागा निवांत चालत जाण्यासारखी दिसत होती.