तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आल्यास जोखीम कशी ओळखावी

इतक्या लहान बाळाला ताप आला, की कारण शोधण्याआधी बाळ नेमके किती दिवसांचे आहे हे मोजावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात. गुदद्वारातून घेतलेले तापमान ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा अधिक असल्यास तो ताप समजावा. काखेतले माप बहुधा कमी येते आणि हाताच्या स्पर्शावर तर विसंबूच नये. आकडा आणि वेळ लिहून ठेवावी. रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंग थंड झाले, तरी घरी नोंदलेला ताप खराच मानतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, आणि रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

दूध ओढण्याची ताकद नसणे, उठवूनही नीट जागे न होणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, कण्हणे, झटके, फुगलेली टाळू किंवा निळसर, राखाडी पडलेली त्वचा यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब नको. अंग नेहमीपेक्षा गार पडणे हेही तितकेच गंभीर आहे, कारण नवजात बाळात जंतुसंसर्ग कधी कधी तापाशिवायच येतो. उलट, बाळ हसरे आणि टवटवीत दिसते म्हणून संसर्ग नाही असे मानणे या वयात धोक्याचे ठरते.

पहिल्या तीन आठवड्यांत बाळ कितीही बरे दिसत असले, तरी साधारणपणे रक्त, लघवी आणि पाठीच्या मणक्यातील पाणी यांचे कल्चर (नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) करून, अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात. मणक्यातील पाणी काढण्याची पालकांना भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण मेंदूज्वर आहे की नाही हे खात्रीने कळण्याचा तोच मार्ग आहे. चौथ्या आठवड्यातही बाळाला बहुधा दाखल करून घेतात, मात्र त्यानंतर लघवीची तपासणी, सीआरपी व प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारे घटक) आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या पाहून मणक्याची तपासणी टाळता येईल का, हे ठरवता येते.

या वयातील गंभीर जिवाणूसंसर्गांत मूत्रमार्गाचा संसर्ग सर्वाधिक आढळतो आणि त्यामागे बहुधा ई. कोलाय हा जिवाणू असतो. चिकटपिशवीत जमवलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात. म्हणून कल्चरसाठी मूत्रमार्गात नळी घालून काढलेला नमुनाच द्यावा, असा आग्रह धरावा.