एमएस सर्जरीची तयारी करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात सर्जरी शिकणाऱ्याला केसेसचा तुटवडा नाही. हर्निया, व्हेरिकोज व्हेन्स, मधुमेहानं काळा पडलेला पाय, सगळं वॉर्डात रोज समोर असतं. तरी शेवटच्या वर्षाचा रेसिडेंट (शिकाऊ सर्जन) परीक्षेत हर्नियावरच घसरतो. ढीगभर हर्निया पाहिलेले असतात, पण तोंडानं नीट मांडलेला एकही नसतो.

लाँग केसमध्ये, म्हणजे परीक्षेत एका पेशंटची हकीकत आणि तपासणी सविस्तर मांडताना, हमखास ऐकू येतं, "पेशंट साठ वर्षांचा, शेतकरी, उजव्या जांघेत गाठ." अरे, पण तो शेतात करतो काय? उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवतो की नुसतं पाणी पाजतो? खोकला, बद्धकोष्ठ, लघवीचा त्रास विचारलाच नाही, तर गाठ का आली आणि ऑपरेशननंतर पुन्हा का येईल, यावर बोलणार काय? "मिक्चुरिशनची (लघवीची) तक्रार आहे का?" असं विचारून म्हाताऱ्याकडून उत्तर मिळत नाही. "लघवीला कुंथावं लागतंय का? रात्री किती वेळा उठताय?" असं विचारा, प्रोस्टेटची गोष्ट तो स्वतःच सांगेल. मग पीआर (गुदद्वारातून बोटानं तपासणी) केल्याशिवाय केस पुरी म्हणू नका. मी एका परीक्षेत ते विसरलो होतो. एक्झामिनरनी पुढचा प्रश्नच विचारला नाही, नुसतं बघत राहिले. ती शांतता अजून आठवते.

दुसरा घोळ मध्यबिंदूंचा. डीप रिंग (इनडायरेक्ट हर्निया जिथून बाहेर येतो ते छिद्र) शोधायची ती इन्ग्वायनल लिगामेंटच्या, म्हणजे जांघेतल्या पट्ट्याच्या मध्यावर: एएसआयएस (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) ते प्युबिक ट्यूबरकल (जांघेजवळच्या प्युबिक हाडावरचा उंचवटा) यांच्या मधोमध, साधारण सव्वा सेंटिमीटर वर. फिमोरल पल्सचा (मांडीच्या धमनीच्या ठोक्याचा) बिंदू मात्र एएसआयएस ते प्युबिक सिम्फिसिस (दोन्ही प्युबिक हाडांचा मधला सांधा) यांच्या मधला. अंगठा चुकीच्या जागी दाबला की ऑक्लुजन टेस्ट (डीप रिंग दाबून पेशंटला खोकायला लावणं) फसते आणि इनडायरेक्टला तुम्ही डायरेक्ट (पोटाच्या भिंतीतून सरळ पुढे येणारा हर्निया) म्हणून मोकळे होता. हाडं बोटानं चाचपून पेननं खुणा करा. लाजायचं काय त्यात?

पुस्तक चौथ्यांदा वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. पुस्तक मिटा आणि सोबत्याला केस सांगा. रंकाळ्याच्या एका फेरीत एक शॉर्ट केस आरामात होते. लोक वळून बघतील, बघू देत.

शिकवणाऱ्यांचीही एक चूक. टाक्याची गाठ मारण्यासारखं काम स्वतः भराभर करून दाखवायचं आणि शेवटी "समजलं ना?" विचारायचं. हाताचं कौशल्य शिकवायच्या पेटनच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: आधी न बोलता नेहमीच्या वेगानं करून दाखवणं, मग समजावत सावकाश, मग ज्युनिअर सांगेल तसं सीनिअरनं करणं, शेवटी ज्युनिअरनं बोलत स्वतः करणं. आपल्याकडे तिसरी पायरीच गाळली जाते. खरं तर गाठ मारायच्या क्रमातली चूक तिथंच पकडली जाते, आणि तीही पेशंटच्या पोटाबाहेर.

लॉगबुक (ऑपरेशनांची नोंदवही) वर्षाअखेरीला आठवून भरू नका, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर पडल्यावर त्याच दिवशी नोंद करा.

थीसिसमध्ये ऊसतोड कामगार घेतलेत? हंगाम संपला की ते बीडकडं परततात आणि सहा महिन्यांचा फॉलोअप कोरा राहतो. पहिल्याच दिवशी गावातल्या नातेवाइकाचा नंबर आणि पट्टा पडायच्या (कारखान्याचा गाळप हंगाम संपायच्या) सुमाराची तारीख, दोन्ही लिहून घ्या.